‘चोरणे’ हे क्रियापद आहे, जात नाही

आज जरा लांब लिहितोय. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

मध्यंतरी आमच्या तालुक्यातल्या दोन बातम्या एकाच दिवशी हातात आल्या. पहिली : शेतातली पाण्याची मोटर आणि केबल गेली, त्या संशयावरून माळावरच्या पालांतून तिघांना उचललं. दुसरी : एका पतसंस्थेतल्या ठेवींचा हिशेब लागत नाही, संचालकांवर गुन्हा दाखल. मोटरची किंमत काही हजार, ठेवींची रक्कम कोटीत. दोन्ही प्रेस नोट शेजारी ठेवून मी शब्द मोजले. पहिलीत ‘चोर’, ‘चोरटे’, ‘चोरी’ मिळून सात वेळा, आणि त्या तिघांच्या जमातीचं नाव दोन वेळा. दुसरीत ‘अपहार’, ‘अनियमितता’, ‘गैरव्यवहार’. चोर एकदाही नाही. संचालकांची जातही नाही, अर्थातच.

तेव्हापासून हे क्रियापद डोक्यात घोळतंय. आपण मराठी माणसं ‘चोरणे’ किती ठिकाणी, किती लाडानं वापरतो, आणि नेमकं कुणाच्या बाबतीत तो लाड संपतो, हे बघण्यासारखं आहे.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘चोरयति’ आठवत असेल. संस्कृत व्याकरणात धातूंचे दहा गण आहेत. दहाव्या गणाचं नाव चुरादि, कारण त्या यादीत पहिला मान चुर् या धातूचा, म्हणजे चोरण्याचा. याच गणात पुढे चिंतन करणं आहे, पूजा करणं आहे, कथा सांगणं आहे, मोजणं आहे. म्हणजे पुजारी, विचारवंत, कीर्तनकार आणि हिशेबनीस, सगळे चोराच्या मागे रांगेत उभे. पाणिनीच्या परंपरेला यात काही वावगं वाटलं नाही. क्रिया ती क्रिया.

आता आपल्या रोजच्या बोलण्यात या. भरलेल्या एसटीत तिघांच्या सीटवर चौथा बसला की आपण अंग चोरून बसतो. कामाच्या वेळी कुणी अंग चोरलं की त्याला कामचोर म्हणतो, पण त्या शिवीत राग कमी आणि वैताग जास्त असतो. उधारी असलेला माणूस बाजारात दिसला की नजर चोरतो. गाय पान्हा चोरते. हा मला सगळ्यात आवडता. ज्याच्या घरी जनावर आहे त्याला माहीत आहे, धार काढताना गाय दूध वर ओढून धरते, वासरासाठी राखून ठेवते. दूध तिचं, वासरू तिचं, आणि चोर कोण? तीच. धार काढणारा मालक.

चोरखिसा घ्या. बंडीच्या आतून शिवलेला, पैसे चोराला सापडू नयेत म्हणून केलेला खिसा. वास्तविक तो साव-खिसा. पण नाव चोराचं. पेटीतला चोरकप्पा तसाच. रायगडाला महादरवाजा आहे तशी चोरदिंडीही आहे, संकटात बाहेर पडण्यासाठी ठेवलेली, आणि तिथं जाणारा कुठलाही पर्यटक त्या नावानं दचकत नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत घरातल्या घरात, फारसा गाजावाजा न करता बाईची ओटी भरतात, तिला चोरओटी म्हणतात. किती मायेचा शब्द आहे! इथं चोरणं म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून जपणं. आणि श्रावणात ज्या चोराच्या नावानं आपण सात-आठ थर लावतो, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. गोकुळातल्या लोण्याची एफआयआर कुणी केली नाही.

म्हणजे मराठीत चोरण्याला लपवणं, राखणं, आवरून घेणं, जपणं असे सगळे अर्थ आहेत. अट एवढीच, की चोरणारा आपल्यातला असावा.

आपल्यातला मोठा माणूस खरोखरच दुसऱ्याचं घेऊन गेला, तर भाषा आणखी मऊ होते. बँकेतले पैसे गेले की अपहार. टेंडरमध्ये गेले की घोटाळा. कर भरला नाही की करचुकवेगिरी. हिंदीवाले सरळ ‘कर चोरी’ म्हणतात, आपण ‘चुकवतो’, जसा शाळेचा तास चुकवावा. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉलीत शंभर-दोनशे किलो कमी दाखवले, तर शेतकरी म्हणतो ‘काटा मारला’. कर्ज परत केलं नाही तर तो थकबाकीदार, ‘दार’ लावून, जसा जमीनदार, इनामदार. उलट तारेवर आकडा टाकणाऱ्या गरिबाचं कृत्य मात्र लख्ख ‘वीजचोरी’. आमच्या पेपरच्या धंद्यात तर शब्दांची रेलचेल आहे : लंपास, डल्ला, हात साफ केला, पोबारा केला, अट्टल, सराईत. हे सगळे शब्द दहा हजारांच्या आतल्या चोरीसाठी राखीव असावेत असं वाटतं. रक्कम वाढली की संस्कृत सुरू होतं. आम्हा लिहिणाऱ्यांनी एकमेकांचा मजकूर उचलला तरी त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात. काय भारदस्त शब्द आहे. गुन्हा केल्यापेक्षा पीएचडी केल्यासारखं वाटतं.

गेल्या काही वर्षांत राजकारणात पक्ष चोरला, चिन्ह चोरलं, बाप चोरला, मतं चोरली इथपर्यंत मजल गेली. कोण खरं कोण खोटं हा आजचा विषय नाही. एवढंच लक्षात घ्या, की भर सभेत चोर म्हटलेला पुढारी दुसऱ्या दिवशी सत्काराला जातो. त्याच्या पोराला शाळेत कुणी मागच्या बाकावर बसवत नाही.

आता इतिहासाकडे येतो.

आळ कुणावर येतो, याचं उत्तर आपल्या संतांच्या आख्यायिकांतच आहे. विठ्ठलाच्या गळ्यातलं पदक हरवलं, तेव्हा संशय कुणावर आला? जनाबाईवर. नामदेवाच्या घरची दासी. तिला सुळावर चढवायला चंद्रभागेच्या वाळवंटात नेलं, अशी कथा आहे. दुसऱ्या कथेत देवाचा हार चोखोबाकडे सापडतो आणि त्याला बैलांच्या पायी देण्याची शिक्षा होते. दोन्ही कथांत देवानंच आपला दागिना तिथं नेलेला असतो, देवच साक्षीला धावून येतो, आणि आपण ऐकताना डोळे पुसतो. पण पंढरपुरात त्या दिवशी अख्खं गाव होतं. मोलकरीण आणि वेशीबाहेरचा महार, या दोघांशिवाय तिसरं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. कथा रचणाऱ्यांनी ते मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी जगाची रीत जशी होती तशी लिहिली.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच परंपरेत आहे. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’, देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेलं. त्यातला शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. मापायला दोरी नसते, म्हणून गळ्यातलं जानवं काढून त्यानं भोकाचं माप घेतो. भिंतीला भोक कोणत्या आकाराचं पाडावं याचं शास्त्र सांगतो, आपल्या विद्येच्या देवाला नमस्कार करतो आणि दागिने घेऊन जातो. शर्विलक ब्राह्मण आहे, जानव्यासकट. दीड-दोन हजार वर्षांत या नाटकावरून कुणी असा निष्कर्ष काढला नाही की जानवं घालणारे जन्मानं घरफोडे असतात. काढूही नये. शर्विलकानं चोरी केली, शर्विलक चोर, विषय संपला. साधा न्याय आहे. तो सगळ्यांना लावायचा होता, एवढंच.

आपल्या गावगाड्यात चोरीचा बंदोबस्त कसा व्हायचा, तेही बघा. पुणे-साताऱ्याकडे रामोशी, दक्षिणेकडे बेरड, आणखी कुठे महार किंवा भिल्ल, असे गावचे राखणदार असत. चोरी झाली की राखणदार माग काढायचा. पावलांचे ठसे, मोडलेली काटकी, उलटलेला दगड, यावरून चोर कुठं गेला ते शोधायचं. माग दुसऱ्या गावच्या शिवेवर पोचला की जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर. त्यानं तो पुढं न्यायचा. ज्याच्या हद्दीत माग हरवला, त्यानं चोरीचा माल भरून द्यायचा. ‘माग काढणे’ हा शब्द आपण आज कुणाचाही काढतो, पण तो या लोकांच्या कसबातला आहे. राखणीच्या बदल्यात त्यांना गावाकडून धान्य मिळे, कुठं जमीन मिळे. गडांच्या राखणीचं कामही रामोशांकडे होतं.

पेशवाई बुडाली, इंग्रजांचे पोलीस आले, आणि ही राखण हळूहळू निरुपयोगी झाली. हक्क गेले, जमिनी गेल्या. पुरंदरच्या भागात उमाजी नाईकांनी बंड केलं, त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिली. आणि ज्यांच्या भरवशावर गाव दार न लावता झोपायचं, त्यांचंच नाव पुढं पोलिसांच्या संशयितांच्या यादीत गेलं. बेरड हा शब्द तर मराठीत शिवी झाला. निर्लज्ज, निगरगट्ट माणसाला आपण ‘बेरड’ म्हणतो आणि ते एका जमातीचं नाव आहे याचं भानही नसतं. भीमराव गस्तींनी आपल्या आत्मकथनाला हेच नाव मुद्दाम दिलं.

भामटा शब्दाचं तेच. फसवणाऱ्याला भामटा म्हणताना आपल्याला कुणाची जात काढल्यासारखं वाटत नाही. पण महाराष्ट्र सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत, त्यांत ‘भामटा’ हे एक नाव आहे, ‘राजपूत भामटा’ हे आणखी एक. कल्पना करा, अठरा वर्षांचा पोरगा कॉलेजच्या खिडकीवर जातीचा दाखला सरकवतो आणि त्यावर लिहिलंय : भामटा. खिडकीमागचा क्लार्क हसतो. त्या हसण्यासाठी कुठला कलम लावायचा?

कलमावरून आठवलं. भारतीय दंड संहिता १८६० ची, अमलात आली १८६२ पासून. तिचं ३७८ कलम म्हणजे चोरीची व्याख्या. मी ते कितीदा वाचलंय, अप्रतिम आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली, हलवता येणारी वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूनं, हलवली की चोरी. कलमाखाली उदाहरणं दिलीत. जमिनीत उभं झाड ही चोरता येणारी वस्तू नाही, पण तोडून वेगळं केलं की त्याच क्षणी चोरी होऊ शकते. खिशात कुत्र्याला आवडेल असं काही ठेवलं आणि शेजाऱ्याचा कुत्रा मागं मागं यायला लागला, तर कुत्रा चालायला लागला तिथंच चोरी झाली. इतका बारीक विचार! आणि पूर्ण कलमात कुठंही चोर कुणाच्या पोटी जन्माला आला याचा उल्लेख नाही. हात हलला पाहिजे, वस्तू हलली पाहिजे. चोरणं हे तिथं शुद्ध क्रियापद आहे. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्याय संहितेत नंबर बदलून ३०३ झाला, व्याख्येचा गाभा तोच राहिला.

पण याच सरकारनं दंड संहितेनंतर अवघ्या अकरा वर्षांनी दुसरा कायदा केला, ज्यात काहीच हलायची गरज नव्हती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. युक्तिवाद असा, की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तर चोराचा मुलगा चोर होणारच. जातिव्यवस्थेवर नाकं मुरडणाऱ्या साहेबानं आपल्या सोयीपुरती ती पक्की पाठ केली होती. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, त्या जमातीच्या माणसांची नावं रजिस्टरला चढवायची, आणि त्या जाहीरनाम्याविरुद्ध कुठल्याही कोर्टात दाद मागायची सोय नाही. याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांचीही नोंद ठेवायची तरतूद होती.

हा कायदा आधी उत्तरेत लागू झाला, नंतर बंगालमध्ये. १९११ च्या नव्या कायद्यानं तो सगळ्या ब्रिटिश मुलखात नेता येऊ लागला. आपल्याकडे त्याची जमीन आधीच नांगरून ठेवलेली होती. इंग्रजांच्या गॅझेटियरांत ‘उचले’ आणि ‘भामटे’ ही नावं येतात, आणि उचले म्हणजे उचलणारे असा अर्थही साहेबानं देऊन ठेवला. १९०८ मध्ये मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचं मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवरचं पुस्तक निघालं. त्यात एकेका जमातीची राहणी, बोली, पेहराव, चोरीची पद्धत, माल कुठं लपवतात, सगळं क्रमवार. पाखरांच्या पुस्तकात पाखरांची माहिती असते तसं.

१९११ च्या कायद्यात काय होतं ते थोडक्यात सांगतो. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे. ठरलेल्या वेळी हजेरी. हद्दीबाहेर जायला पास. पास नसेल तर वॉरंटशिवाय अटक, आणि ती पोलिसानंच करायला हवी असंही नाही, गावचा पाटील किंवा राखणदारही करू शकत होता. आणि सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी काढून शाळा-वसाहतीत ठेवायची मुभा. सहा वर्षांच्या पोरानं काय चोरलं होतं? मराठी भाषा विचारेल. कायद्याला विचारायचं नव्हतं.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. तुमच्या शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे, ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आहे. रिक्षावाल्याला पत्ता म्हणून ते नाव रोज सांगितलं जातं. ते सेटलमेंट म्हणजे या कायद्याखालची, तारेच्या कुंपणातली वसाहत. कैकाडी, भामटे, पारधी, टकारी, आणखी किती जमातींची माणसं तिथं आणून ठेवली. सोलापूरच्या गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला ही माणसं एका जागी हवी होती. दोघांचं जमलं. गिरणीत पाळी करायची, परत येऊन हजेरी द्यायची. बाहेरच्या वस्तीच्या नावात ‘फ्री’ का आहे, असा प्रश्न कधी पडला असेल तर त्याचं उत्तर कुंपणाच्या आत आहे.

इथं एक आडवळण घेतो, पण ते लागतं. इंग्रजांनी १८७८ चा जंगल कायदा केल्यावर गवत, जळण, पालापाचोळा आणणारी माणसं एका रात्रीत चोर झाली. त्याविरुद्ध १९३० च्या जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे पुसदला जंगलात गेले, परवान्याशिवाय गवत कापलं आणि तुरुंगात गेले. त्याला आपण जंगल सत्याग्रह म्हणतो, अभिमानानं म्हणतो. बरोबरच आहे. मात्र ज्या फासेपारध्याच्या बापजाद्यांनी त्याच रानात आयुष्य काढलं, त्याच्या नावातच पारध म्हणजे शिकार आहे, त्याची रानातली ये-जा ही कायम चोरीच राहिली. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याचा उरलासुरला धंदाही गुन्हा झाला. कायदा गरजेचा होता, माळढोक-काळवीट वाचायलाच हवेत. पण तितर-ससे धरून जगणाऱ्याच्या हाती दुसरं काय द्यायचं, याचा विचार त्या कायद्यासोबत झाला नाही.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं आणि सोळा दिवस. म्हणून या जमाती ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतात. आपल्या गावात कधी या दिवशी झेंडा लागलेला बघितलाय का? माझ्या वीस वर्षांच्या पत्रकारितेत आमच्या तालुक्याच्या ठिकाणी त्या दिवशी झालेला कार्यक्रम एका हाताच्या बोटांवर मोजता येतो, आणि त्याला बहुतेक वेळा त्याच वस्त्यांतली माणसं असतात.

जुना कायदा गेला, पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर फरक मोठा आहे : आता जमात नाही, वारंवार शिक्षा झालेली व्यक्ती. म्हणजे पुन्हा क्रियापदाकडे परत. पण ठाण्यातल्या भिंतीवरचा फळा तोच, नावं त्याच वस्त्यांची. ‘सराईत’ शब्दाला सवयीचा वास आहे आणि सवय आपण रक्ताशी जोडतो, हीच गोम.

१९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. त्याआधी लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’ला मिळालं होतं. मला या नावांचं फार वाटतं. गॅझेटियरमध्ये साहेबानं लिहिलेला शब्द गायकवाडांनी उचलून आपल्या पुस्तकाच्या कव्हरवर ठेवला. दुसऱ्यानं दिलेली शिवी स्वतःच्या सहीनं छापायला छाती लागते. पुढं महाश्वेता देवी, गणेश देवी आणि गायकवाड यांनी मिळून १९९८ मध्ये विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. नंतर रेणके आयोग झाला, त्याचा अहवाल २००८ चा. मग इदाते आयोग झाला. अहवालांची कपाटं भरली.

बरं, या ‘उचल’ शब्दाची गंमत संपत नाही. आमच्या पट्ट्यात उसाच्या पैशाचा पहिला हप्ता म्हणजे पहिली उचल, त्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरतो. ऊसतोड मजुराला मुकादम हंगामाआधी जे पैसे देतो तीही उचल, जी फेडता फेडता हंगाम संपतो आणि पुढच्या वर्षाची डोक्यावर बसते. पोलिसांनी रात्री पालावरून माणूस नेला तरी ‘उचलला’. शेतकऱ्याची उचल हक्काची, मजुराची उचल कर्जाची, पारध्याला उचललं तर त्याच्या घरचे सकाळपर्यंत ठाण्याबाहेर. एकाच क्रियापदानं तालुका चालतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदावर बातम्या केल्या आणि मग स्वतःच याचिका केली. न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. आणि विमुक्त जमातींना ‘सराईत’ समजण्यावर बोट ठेवलं : सराईत म्हणायचं तर राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच म्हणा, जमातीवरून नाही. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलं. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या एका निकालात न्यायालयानं पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये भटक्या-मागास समाजातल्या निर्दोष माणसांची नावं केवळ पूर्वग्रहातून चढतात याची दखल घेतली होती. १८७१ पासून मोजलं तर दीडशे वर्षं उलटून गेलीत.

निकालाची प्रत तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोचायला किती काळ लागतो, ते मी सांगू शकत नाही. प्रेस नोटमध्ये जमातीचं नाव अजून येतं, हे सांगू शकतो. बातमी लिहिताना मी ते काढतो. एकदा एका अधिकाऱ्यानं विचारलं, “का हो, काढता का? वाचकांना कळायला नको?” मी म्हटलं, “साहेब, पतसंस्थेच्या नोटेत चेअरमनची जात टाका, मी दोन्ही छापतो.” ते हसले. नोटा तशाच येत राहिल्या.

आता शेवटी एक कामाची गोष्ट, कारण जूनमध्ये ॲडमिशन सुरू होतील. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. विचार करा, ज्याच्या आज्याला एका गावात तीन दिवसांपेक्षा जास्त टिकू दिलं जात नव्हतं, त्याच्याकडे १९६१ चा घराचा उतारा मागायचा. मागच्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ नातवासाठी माझ्याकडे आले. शाळेचा दाखला नाही, सातबारा नाही, जन्मनोंद नाही. म्हणाले, “आमच्या बापाचं नाव सरकारात एकाच ठिकाणी लिहिलंय बघा, ठाण्यात. ते चालंल का?”

मी तहसीलमध्ये विचारलं. कारकून म्हणाले, रजिस्टरची प्रत आणा, बघू. प्रत काढण्यासाठी अर्ज केलाय, माहिती अधिकारात. उत्तर अजून यायचंय. कुणाकडे सोलापूर सेटलमेंटच्या किंवा जुन्या हजेरी रजिस्टरच्या नोंदी असतील, किंवा अशा नोंदीवर कुणाला दाखला मिळालेला असेल, तर कमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये कळवा. नातवाचं नाव बारावीच्या यादीत आहे, ७८ टक्के.